बंडीच्या मागचा गोंडा

आमच्या घरात माणसांच्या आधी बैलांचे कपडे शिवून व्हायचे. माझी माय आमच्या केनवड गावात झुली, बाशिंगं आणि गोंडे करायची. शेती होती, पण थोडकी, आणि ती बाबा पाहायचे. मायचं शेत म्हणजे ओसरीवरचं शिलाई मशीन. आखाड लागला की त्या ओसरीवर लाल, हिरव्या, पिवळ्या कापडांचे आणि जरीच्या काठांचे असे ढीग पडत, की घरात शिरताना पाय ठेवायला जागा नसे, आणि पाय ठेवलाच तर तो नेमका सुईवर पडे. पोळा होईपर्यंत माझ्या अंगावर मागच्या वर्षीचाच फ्रॉक असायचा. मी कुरकुर केली की माय मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "बैल वर्साचा एकडाव नटते वं. तू तं रोजच मिरवून राह्यली."

त्या मशीनचा आवाज माझ्या कानात अजून आहे. तेल असलं की ते एका लयीत चालायचं, तेल संपलं की आजारी म्हशीसारखं कण्हायचं. माय त्याला शिव्या द्यायची, मग त्याच्या पाया पडायची, मग तेल घालायची, याच क्रमाने. घाईच्या दिवसांत तिला चुलीपुढे बसायला फुरसत नसे. मग बाबा अंगणात गोवऱ्या पेटवायचे, कणकेचे रोडगे आरात भाजायचे, आणि एका पातेल्यात वांग्याची भाजी रटरटत असायची. रोडगा फोडून त्यात तेलाची धार सोडली की जो वास सुटायचा, तो पार गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. शेजारीपाजारी "काय चाललंय" विचारायच्या निमित्ताने बरोबर त्याच वेळी यायचे. बाबा फार बोलत नसत. बैलांशी मात्र बोलायचे. राजा आणि पवळ्या ही आमची जोडी. त्यांना ते दिवसभराची हकिगत सांगायचे, आणि आम्हाला ती गोठ्याच्या भिंतीला कान लावून ऐकावी लागायची.

बाशिंगावरची नक्षी काढायचं काम माझं होतं. आंबा, मोर, सूर्य, वेल. कागदावर आधी काढायचं, मग बेगडावर कातरायचं. मी तेव्हा दहावीत होते, गणितात रडत होते, पण कात्री हातात आली की मला जगातल्या कोणाचीच भीती वाटत नसे. आणि हे सगळं नटणं समोरून असायचं. कपाळाला बाशिंग, शिंगांना रंग, गळ्यात घागरमाळ, अंगावर झूल. बैल तोरणाखाली उभा राहतो, बाया समोरून ओवाळतात, लोक तोंडाकडे पाहून तारीफ करतात. बैलाच्या आणि बंडीच्या मागच्या बाजूला आमच्याकडे कोणी पाहतच नाही. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. तिचं बूड शेणामातीचं, तिथे पाय लोंबकळतात, तिथे पोरं थुंकतात. तिथे कोण कशाला काय लावेल?

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात किसनकाकांच्या बंडीला मागून ट्रकने उडवलं. किसनकाका आमचे शेजारी. दिवेलागणीला कडबा भरून आमच्या तालुक्याच्या, मालेगावच्या रस्त्याने घरी येत होते. ट्रकवाला म्हणाला, मला दिसलंच नाही, आणि तो खोटं बोलत नव्हता. काळोख पडत होता, कडबा काळोखाच्याच रंगाचा झाला होता. एक बैल जागेवरच गेला. किसनकाका वाचले, पण कमरेत असे मोडले की पुढे कायम खाटेवर. आमचंही शेत रस्त्याच्या पल्याडच होतं. बाबा रोज त्याच रस्त्याने, त्याच वेळी परत यायचे. मला भीती वाटायची. सरळच सांगते, संध्याकाळी घागरमाळेचा आवाज गल्लीत येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नसे. मायच्याही उतरत नसावा, कारण त्या वेळात ती मशीन थांबवायची. म्हणायची, डोळे दुखतात.

मग पोळ्याच्या आधी रस्त्याच्या कामावरचे एक साहेब गावात आले. मारुतीच्या पारावर त्यांनी लोकांना जमवलं आणि प्रत्येक बंडीवाल्याला लाल चमकपट्टीची एकेक गुंडाळी फुकट दिली. बंडीला मागच्या बाजूला लावा, उजेड पडला की ती दुरून चमकते, असं नीट समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. साहेब भला माणूस, चहा पिऊन, समाधानाने निघून गेले. लोकांनी ती पट्टी घरी नेली, कंदिलाच्या उजेडात फिरवून पाहिली, आणि हरखून गेले. असली चमक आमच्या बेगडाच्या सात पिढ्यांत नव्हती. सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार आला, आणि सगळे त्या गुंडाळ्या घेऊन कुठे आले असतील? आमच्या ओसरीवर. मायने त्या कातरल्या, आणि त्या वर्षी केनवडातल्या यच्चयावत बैलांच्या बाशिंगावर लाल सूर्य लखलखला. उरलेले तुकडे कोणी उंबरठ्यावर लावले, कोणी मारुतीच्या चौकटीला. खाटेवर पडलेल्या किसनकाकांनीसुद्धा आपली पट्टी देवघराला लावून घेतली. मी त्यांना विचारलं, "काका, मांगं लावाले सांगतली होती ना?" तर ते माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मीच रस्ता चुकले आहे. "येवढी सुंदर वस्तू बुडाले लावू काय वं, मंदे?" ते म्हणाले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच बाबा बंडी घेऊन निघाले तेव्हा मी घरातली बॅटरी घेऊन समोर गेले. राजाच्या कपाळावरचं बाशिंग बाबांनी हौसेने ठेवलेलं होतं, ते भडकन पेटल्यासारखं दिसलं. मग मी मागे गेले. मागे काळी फळी, काळी चाकं, आणि काळोख. समोरून येणाऱ्याला आमचे बैल देवासारखे दिसत होते. मारणारा तर मागून येत होता.

मी मायला खूप समजावलं. तिला पटायला वेळ लागला नाही. ती पट्टी कातरताना साहेबांचं बोलणं तिच्याही मनात आलं होतं, पण गिऱ्हाईक बाशिंग मागत होतं. उरलेल्या तुकड्यांतून आम्ही दोघींनी बंडीच्या मागच्या फळीसाठी एक पट्टा केला. मी त्यावर आंब्यांची रांग काढली, मधे दोन मोर समोरासमोर. माझ्या मते ती माझी तोवरची सर्वांत चांगली नक्षी होती. बाबांनी तो लावला, कारण मी लावायला सांगितला. संध्याकाळी ते पट्टा काढून, घडी घालून, खांद्यावर टाकून घरी आले. पारावरच्या लोकांनी विचारलं होतं म्हणे, "काहो, बंडीचं उलटं लगन लावलं काय? नवरदेव कोनीकडून बसते?" बाबांनी पट्टा माझ्या हातात दिला. म्हणाले, "चांगला हाये, पोरी. पन मले लोकाइचं हासनं आयकू येते. ट्रक आयकू येत नाई."

मी रडले. मग चिडले. मग पुन्हा रडले. आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन पाहिलं तर हिरवा चारा भरल्यावर तो मागे इतका लोंबत होता की माझे मोर तसेही झाकले गेले असते. म्हणजे हसणारे मूर्ख होते हे खरं, पण पट्टाही मूर्खच होता.

आता कधीकधी शहरातून डिझाइन शिकणारी मुलं माझ्याकडे येतात. मी आयुष्यभर मालेगावात शाळेत चित्रकला शिकवली, एवढीच माझी ओळख, पण कोणीतरी त्यांना हा गोंड्याचा किस्सा सांगितलेला असतो. ती वही उघडून बसतात आणि विचारतात, "मॅडम, समाजासाठी डिझाइन करताना तुमची पद्धत काय होती?" मी म्हणते, बाळांनो, पद्धत अशी की आधी लोक हसले पाहिजेत, मग आपण रडलं पाहिजे, आणि मग चहा प्यायला फाट्यावर गेलं पाहिजे. ती हे लिहून घेतात. पण मी थट्टा करत नसते. माझ्या बाबतीत असंच झालं.

त्या दिवशी चहा पिऊन मी फाट्यावर मायसोबत एसटीची वाट पाहत उभी होते. कारंजाला दोऱ्याची खरेदी करायला आम्ही निघालो होतो. एसटी आपल्या मर्जीची मालकीण, त्यामुळे ट्रक पाहण्यापलीकडे काम नव्हतं. आणि एकेक ट्रक पुढे गेला की मला त्याची पाठ दिसत होती. पाठीला काय होतं? काळ्या लोकरीची वेणी. लिंबू-मिरची. एकाला तर फाटकी चप्पल. पुढच्याला पुन्हा काळा गोंडा. मागच्या बाजूला काही लटकवायची कोणालाच लाज वाटत नव्हती, फक्त ते दृष्टीसाठी असलं पाहिजे. शोभेसाठी मागे लावलं तर माणूस वेडा, दृष्टीसाठी लावलं तर शहाणा. मी मायचा दंड इतक्या जोरात धरला की ती ओरडलीच. "काय झालं वं? चावलं काय?" मी म्हटलं, "माय, काळी लोकर घे. लय घे."

कारंजात एका शेठजींच्या दुकानातून आम्ही काळी लोकर आणली. आता गोंडा करायचा, पण बाबांना तो लावायला कसा सांगायचा? त्यांनी एकदा लोकांचं हसणं सोसलं होतं, दुसऱ्यांदा त्यांनी काही लावलं नसतं. ती अडचण राजाने सोडवली. थंडी सुरू झाली तशी त्याने वैरण खायची सोडली. एक दिवस, दुसरा दिवस, तो नुसता उभा. बाबांचा जीव टांगणीला लागला. माय गोठ्यात जाऊन आली आणि म्हणाली, "पोळ्याले समद्या गावानं वाखाणला ना, लागली असंन दृष्ट." बाबा माझ्याकडे वळले. "मंदे, एखांदा काळा गोंडा करून दे वं. बंडीले बांधतो मांगून." माय आणि मी एकमेकींकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं. राजाच्या पोटात खरं तर वायू धरला होता. जनावरांच्या डॉक्टरने औषध पाजलं आणि तो खायला लागला. पण गोंडा मागितला गेला होता.

तो गोंडा मी सगळ्या नक्ष्या विसरून केला. मोर नाही, आंबा नाही. तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून बिब्ब्याच्या आकाराचे तळहाताएवढे तुकडे कातरले, कडा दगडावर घासल्या, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी लाल चमकपट्टी चिकटवली. दोन्ही बाजूंनी, कारण लटकणारी वस्तू फिरते, आणि फिरली की तिने पाठ दाखवून चालणार नव्हतं. भोवती काळी लोकर भरगच्च, म्हणजे लाल उठून दिसावं. वर लांब दोरी, म्हणजे फळीला नव्हे तर कडब्याच्या भाऱ्यावरून सोडता यावा. दिवस बुडताना माय गोंडा धरून परसात उभी राहिली आणि मी बॅटरी घेऊन मागे मागे सरत पार नाल्याच्या काठापर्यंत गेले. तिथूनही लाल ठिपके दिसत होते. माय दिसत नव्हती, गोंडा दिसत होता. दिवसा पाहिलं तर मात्र तो साधा दृष्टीचा गोंडा, लाल बिब्बे घातलेला, जरा ओबडधोबड. बाबांनी तो हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला, "बरा हाये" म्हणाले आणि बांधून टाकला. पारावर कोणी हसलं नाही. उलट एकदोघांनी विचारलं, राजाला आराम पडला काय. मला वाटलं, बाबांना काही कळलेलं नाही. मलाही ते तसंच हवं होतं.

कडब्याचे दिवस आले. एक संध्याकाळ अशी आली की दिवे लागले तरी घागरमाळ वाजली नाही. मायने मशीन थांबवलं होतं. चुलीवर तुरीचं वरण होतं, ते उतू गेलं, पण आम्ही दोघीही उठलो नाही. मग तिने पदर खोचला. "चाल फाट्यावर," म्हणाली. आम्ही फाट्यावर पोचलो आणि त्याच वेळी रस्त्याच्या वळणापलीकडून ट्रकच्या ब्रेकचा आवाज आला. तो आवाज मी लिहू शकत नाही. लांबलचक, चिरत जाणारा, आणि त्याच्यानंतर काहीच नाही. माय धावली. तिच्यामागे मीही धावले. मनात एकच, की किसनकाकांसारखं चालेल, खाट चालेल, पण बाबा असू देत.

बाबा होते. रस्त्याच्या कडेला बंडी उभी होती, आख्खी. तिच्या मागे ट्रक उभा होता, इतका जवळ की त्याच्या तोंडावर आमच्या कडब्याचं पातं टेकलं होतं. ट्रकचे दिवे चालू होते आणि त्या उजेडात माझा गोंडा पेटल्यासारखा लाल डोलत होता. ड्रायव्हर खाली उतरून रस्त्यावरच बसला होता. मिशीवाला, धिप्पाड माणूस. "चाचा, वो लाल नहीं दिखता तो मैं सीधा अंदर था," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. बाबा राजाच्या मानेवर हात फिरवत उभे होते. म्हणाले, "बाप्पा, पानी पेता काय?" मायने बाबांना पाहिलं आणि भर रस्त्यात त्यांना अशा शिव्या घातल्या, की ड्रायव्हरसुद्धा क्षणभर आपलं पालुपद विसरला. उशीर काहून केला, जीव घेता काय आमचा, वरण उतू गेलं तिकडं. मग ती रडायला लागली. मीही. इतकं हलकं मला नंतर कधीच वाटलं नाही, लग्नात नाही, लेकरं झाली तेव्हाही नाही. बंडीच्या चाकाला धरून मी नुसती उभी होते आणि चाक खरं आहे हे पुन्हा पुन्हा दाबून पाहत होते.

तेव्हा माझं लक्ष गेलं. दिवसभर शेतात उभ्या असलेल्या बंडीवर आमच्या काळ्या मातीचा जाड थर बसला होता. फळीवर, चाकांवर, कडब्यावर, बैलांच्या पापण्यांवरसुद्धा. आणि गोंड्यातले लाल बिब्बे स्वच्छ होते. धुतल्यासारखे. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यावर पांढरं उपरणं होतं आणि त्याचं एक टोक काळंमिट्ट झालं होतं.

दृष्टीचा गोंडा कोणी पुसत नाही. तो जितका मळेल तितकं त्याने काम केलं, असंच लोक समजतात. घरी जाताना मी बंडीच्या बाजूने चालत होते. हळूच विचारलं, "बाबा, तुमाले मालूम होतं?"

ते राजाशी बोलल्यासारखे पुढे पाहत बोलले. "माह्या डोळ्याले काय झालं? पयल्याच दिशी बॅटरी मारून पाह्यली. रस्त्यावर चढाच्या आंधी रोज पुसतो. धुरळा बसला का चमकत नाई ना तो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तू कुठं सांगतलं?" ते म्हणाले आणि हसले. बाबांना मी मोठ्याने हसताना फार थोड्या वेळा पाहिलं, त्यातली ही एक. मग पुन्हा गंभीर होऊन म्हणाले, "लोकाइले नोको सांगू पोरी. चमकपट्टी म्हनशीन तं देवाले लावतीन. दृष्टीचा हाये म्हन. लटकवतीन."

दुसऱ्या दिवशी पारावर सगळ्यांनी विचारलं, कसे वाचले. बाबांनी गोंड्याकडे बोट दाखवलं. वर त्यांनी एक गोष्ट जोडली, जी मला सुचली नसती. म्हणाले, "पन याचा एक नेम हाये. रोज रस्त्यावर चढाच्या आंधी पुसाचा. मळला तं काम करत नाई." इतकं गंभीर तोंड करून त्यांनी हे सांगितलं, की कोणी का म्हणून विचारलं नाही. आठवडाभरात आमच्या ओसरीवर काळ्या लोकरीचा डोंगर झाला. लोकांनी देवघराच्या, उंबरठ्याच्या पट्ट्या आपल्या हाताने सोलून आणून दिल्या. किसनकाकांनी देवघराची पट्टी पाठवली, आपल्या भावाच्या बंडीसाठी. त्या थंडीत मी फाट्यावर उभी राहायचे, भीतीने नव्हे, मजा म्हणून. मालेगावच्या बाजूने एखादी मोटार आली की तिच्या उजेडात एकामागून एक लाल ठिपके पेटायचे आणि हळूहळू गावाकडे वळायचे. मी घरी येऊन पोटभर जेवायचे.

शहरातल्या मुलांपैकी एकाने मला मागे विचारलं, की मॅडम, तुम्ही अंधश्रद्धेचा आधार घेतला, याचं वाईट नाही वाटत? मुलगा हुशार होता. मी त्याला विचारलं, तू जेवलास का? तो नाही म्हणाला. मग आधी जेव, म्हटलं. जेवताना त्याला सांगितलं, की बाबा त्या रस्त्याने म्हातारे होईपर्यंत आले-गेले आणि शेवटी घरच्या खाटेवर, झोपेत गेले. मग वाईट वाटणं मी कुठून आणू?

आता केनवडात बंड्या थोड्या उरल्या. ट्रॅक्टर आले, रस्ते रुंद झाले, गाड्या वाऱ्यासारख्या जातात. परवा भाचीकडे गेले होते. संध्याकाळी फाट्यावर एक तिशीतला माणूस सोयाबीनची ट्रॉली घेऊन थांबला होता. रस्त्यावर चढण्याआधी तो खाली उतरला, मागे गेला, खिशातून रुमाल काढला आणि ट्रॉलीला लटकलेल्या काळ्या गोंड्यातले लाल तुकडे एकेक करून पुसायला लागला. नीट, दोन्ही बाजूंनी. मी जवळ जाऊन विचारलं, "काहून पुसतं रे बाबू?"

"मळला तं काम करत नाई, आजी," तो म्हणाला.

"कोनं सांगतलं तुले?"

"कोनं म्हंजे? पयलेपासून असंच असते." त्याने रुमाल झटकला, वर चढला आणि निघाला. मी त्याला काही सांगितलं नाही. बाबांनी नको म्हटलं होतं.